सांगड, पगार व उलांडी

राधाकुमुद मुकर्जी यांचा हिंदी नौकानयनाचा इतिहास १९१२ सालीं प्रसिद्ध झाला आणि जेम्स हॉर्नेल यांचा हिंदी नावांच्या घडणीवरील निबंध बंगालच्या एशियाटिक सोसायटीनें १९२० सालीं छापला. दोहोंचा व्याप मोठा आहे. पण एक लहानशी वस्तु दोहोंत येते व तिच्यावर दोघांचाहि बराच भार पडला आहे. ती वस्तु म्हणजे उलांडी. अरुंद होडी कलंडूं नये म्हणून तिच्या बाजूस, कांहीं अंतरावर, आडव्या लाकडांनीं बांधलेलें तरतें लाकूड, एवढाच तिचा अर्थ. मुकर्जींनीं बोरोबुदुरच्या शिल्पांतील जहाजें हिंदी म्हणून पुढें मांडलीं. त्यांतील कांहींस उलांडी आहे. हॉर्नेल यांनीं दक्षिणेकडील व पश्चिम किनाऱ्यावरील होड्यांस उलांडी पाहिली आणि तिचें मूळ पूर्व समुद्रांतील बेटांत शोधलें. एकानें आमचे लोक जाव्यांत नेले, दुसऱ्यानें तिकडचे लोक आमच्या किनाऱ्यावर आणले. आमच्याकडील आरमारविषयक लेखनांत कधीं या मताची तर कधीं त्या मताची री ओढलेली आढळते आणि तेवढ्यासाठीं जुन्या कागदांतील शब्दांस नसलेले अर्थ चिकटविले जातात. सांगड दिसली कीं उलांडी, पगार दिसला कीं उलांडीची होडी! या समीकरणांस आमची हरकत आहे.

प्रस्तुत लेखक परभणी जिल्ह्यांतील पेडगांवचा. समुद्र येथून शंभर कोसांहून दूर. तेव्हां या विषयांत आमचा काय अधिकार, असें कोंकणस्थ वाचक विचारतील तर तें योग्यच होईल. पण अधिकार नसला तरी एक अनुभव आम्हांस आहे. कागदांत ‘पेडगांव’ आलें कीं संग्राहक डोळे मिटून भीमातीरावरचें पेडगांव समजतात, म्हणजे श्रीगोंदें तालुक्यांतील, बहादुरगडाचें, जेथें १६८९ मध्यें संभाजीमहाराजांस कैद करून आणण्यांत आलें तें. बहुतेक वेळां तेंच बरोबर असतें, यांत शंका नाहीं. पण ‘बहुतेक वेळां’ हें प्रमाण नव्हे. गांवाचें नांव एक असून गांवें दोन असूं शकतात, तसाच शब्द एक असून वस्तु दोन असूं शकतात, आणि वस्तु एक असून तिला दोन किनाऱ्यांवर दोन नांवेंहि असूं शकतात.

प्रथम वस्तु पाहूं. एका खोडाची कोरलेली होडी खोडाहून रुंद होऊं शकत नाहीं. कोंकणांत आंब्याचें खोड यासाठीं फार वापरलें गेलें. खोड कितीहि जाड असलें तरी माणूस उभा राहून जाळें टाकील इतकी रुंदी त्यांतून क्वचितच निघते. आणि पाण्यावरील स्थैर्य तर रुंदीवरच अवलंबून. लांबी तीच ठेवून पाण्याच्या पातळीवरील रुंदी दुप्पट केली, तर होडीच्या आकारापासून मिळणारें स्थैर्य दुप्पट नव्हे, सुमारें आठपट होतें. कारण तें रुंदीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतें. अरुंद होडी इतकी चंचल कां असते व थोड्या अधिक रुंदीनें इतका फरक कां पडतो, तें यावरून समजेल. आतां खोड तर रुंद करतां येत नाहीं. म्हणून होडीचें अंग तसेंच ठेवून तिचा ‘पाय’ मात्र दूर टाकावयाचा, ही उलांडीची युक्ति आहे.

होडीच्या एका बाजूस दोन आडवीं लाकडें बाहेर काढतात आणि त्यांच्या टोकांस पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाचा ओंडका होडीशीं समांतर बांधतात. होडी ओंडक्याच्या बाजूस कलली तर ओंडका पाण्यांत दाबला जातो व पाणी त्यास वर लोटतें. उलट बाजूस कलली तर ओंडका पाण्याबाहेर येऊं लागतो व त्याचें वजन लांब दांड्याच्या टोकावरून होडीस परत खेंचतें. म्हणजे एका बाजूस त्याचा हलकेपणा कामास येतो, दुसऱ्या बाजूस त्याचा जडपणा. येथेंच कारागिराची कसोटी लागते. ओंडका फार हलका असेल तर मोकळ्या बाजूस होडी उलटेल. फार जड असेल तर तो पाण्याखालींच ओढीत राहील व वल्हविणाऱ्याचा दम काढील. अंतर वाढवावें तर जोर वाढतो, पण आडव्या लाकडांवर ताणहि वाढतो. बांधणी सुंभाची असते ती खिळे मिळत नाहींत म्हणून नव्हे. लाटेवर होडी एक हालचाल करते आणि ओंडका दुसरी. सुंभ तेवढें सैल देतें, घट्ट खिळा लाकूडच फोडील. उलांडीच्या अंगास आडव्या लाकडांची अडचण, म्हणून जाळ्याचें काम मोकळ्या बाजूनें करणें सोयीचें पडतें, आणि जाळें ओढणारा त्या बाजूस वांकला कीं पलीकडच्या ओंडक्याचें वजन त्यास तोलून धरतें. गाबीत व खारवी यांच्या ज्या होडीस शहरांतील प्रवासी ‘जुनाट’ म्हणतात तिच्यांत एवढा विचार भरलेला आहे.

सांगड ही निराळी वस्तु आहे. दोन होड्या, दोन ओंडके किंवा दोन भोपळे एकमेकांस जोडले म्हणजे सांगड होते. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तींतहि हाच भाव आहे आणि ‘सांगड घालणें’ या आपल्या रोजच्या बोलण्यांतहि तोच. गोदावरीच्या कांठीं, गंगाखेडासारख्या ठिकाणीं, धरणें व पूल होण्यापूर्वीं नदी उतरण्याचीं जीं साधनें होतीं त्यांच्या वर्गांतला हा शब्द आहे, समुद्राचा म्हणून तो आपणांस मिळालेला नाहीं. १२९० मध्यें प्रवरेच्या तीरीं सांगितलेल्या ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायांत मायानदीचें जें रूपक आहे त्यांत तीन वेदांची सांगड येते. बाराव्या अध्यायांत पोटास बांधावयाची पेटी येते. दोन्हीं नदी तरून जाण्याचीं साधनें आहेत, आणि दोहोंतहि उलांडीचा गंध नाहीं. तीन वेदांत मुख्य होडी कोणती व बाजूचा ओंडका कोणता, असा प्रश्न विचारून पाहिला तरी फरक लक्षांत येईल. सांगडींत जोडलेलीं अंगें समान असतात. उलांडींत एक अंग नाव असतें व दुसरें तिचें चाकर.

सांगडीचा उल्लेख जुना आहे, फार जुना. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील पेरिप्लस या ग्रीक ग्रंथाच्या साठाव्या कलमांत पूर्व किनाऱ्यावरील नावांत ‘संगर’ नांवाच्या मोठ्या नावा सांगितल्या आहेत. त्या एकेका खोडाच्या नावा एकत्र जोडून केलेल्या असत. यूल व बर्नेल यांनीं १८८६ च्या आपल्या कोशांत तमिळ-मलयाळम् ‘शंगाडम्’ व पोर्तुगीज ‘जंगाद’ या शब्दांशीं त्याचा संबंध जोडला. आमचा ‘सांगड’ शब्द त्याच कुळांतला आणि संस्कृत ‘संघाट’ त्यांच्या मागें असणें संभवनीय. येथपर्यंत ठीक. पण याच कलमाचा आधार देऊन ‘पहिल्या शतकांत उलांडी होती’ असें विधान केलें जातें, तेव्हां थांबावें लागतें. ग्रंथकार जोडलेल्या खोडांविषयीं बोलतो. बाजूस दूर बांधलेल्या ओंडक्याविषयीं तो एक अक्षर लिहीत नाहीं. त्याच कलमांत गंगेकडे व सुवर्णभूमीकडे जाणाऱ्या ‘कोलंदिया’ नांवाच्या मोठ्या नावा आहेत. १९५७ मध्यें क्रिस्टी यांनीं त्या नांवाचा संबंध चिनी ग्रंथांतील ‘कुन्-लुन्’ लोकांच्या जहाजांशीं दाखविला. मलाया बेटांचीं जहाजें त्या काळीं आमच्या पूर्व किनाऱ्यास येत असल्याचा हा दाखला संगरापेक्षां अधिक मोलाचा आहे. पण त्यांतहि उलांडीचें वर्णन नाहीं.

शब्द कसा घसरतो याचें उदाहरण पाहिजे तर ‘कॅटमरान’ पहावा. तमिळांत कट्टुमरम् म्हणजे बांधलेलीं लाकडें, तराफा. इंग्रजांच्या तोंडीं जाऊन तोच शब्द आज दोन अंगांच्या डौलदार शिडाच्या नावेस लागतो. उद्यां कोणी त्या शब्दावरून मद्रासच्या कोळ्यांस दोन अंगांच्या नावेचें जनकत्व दिलें, तर आपण हसूं. सांगडीच्या बाबतींत आपण तेंच करीत आहों.

आतां पगार. सभासदाच्या बखरींत शिवछत्रपतींच्या आरमाराची जी यादी आहे तींत गुराबा, तरांडीं, तारवें, गलबतें, शिबाडें यांच्या शेवटीं पगार येतात. ही बखर सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीस लिहिली गेली आणि तिचा कर्ता दरबारांतला, तेव्हां शब्दाची साक्ष भक्कम. पगार म्हणजे कोरीव होडी, हा अर्थहि मान्य करतां येतो. यापुढची पायरी मात्र बखरींत नाहीं. आज मालवणपासून कारवारपर्यंत कोरीव होडीस उलांडी दिसते, म्हणून सभासदाचा पगार उलांडीचा, असें अनुमान कांहीं लेखक करतात. आरमारांत लहान होडीचें काम काय? माणसें उतरविणें, निरोप नेणें, खाडींत शिरणें, मोठ्या गलबताच्या अंगास लागून उभें राहणें. बाजूस हातभर नव्हे तर पुरुषभर लांब लाकडें काढलेली होडी गलबतास भिडेल कशी? एका अंगानें भिडेल, हें खरें. तेव्हां पगारास उलांडी नव्हतीच असेंहि आम्ही म्हणत नाहीं. बखरीच्या शब्दांतून ती निघत नाहीं, एवढेंच म्हणणें. रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५ च्या आज्ञापत्रांत आरमाराचें स्वतंत्र प्रकरण आहे. गुराबा व गलबतें मध्यम मापाचीं असावीं, लाकूड तोडतांना रयतेच्या आंब्याफणसांस धक्का लागूं नये, इतका बारकावा त्यांत आहे. पण कोळ्याच्या होडीची बांधणी हा राज्याच्या आज्ञेचा विषयच नव्हता. मौनाचा अर्थ लावतांना, बोलणाऱ्यास त्या गोष्टीविषयीं बोलण्याचें कारण होतें काय, हें आधीं पहावें.

चित्रांचा व शिल्पांचा पुरावा याच नियमानें तोलावा. पैठणच्या सातवाहनांच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचें जहाज आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यांत तीन डोलकाठ्यांचें जहाज रंगविलें असून त्याच्या नाळेवर डोळा आहे. बोरिवलीजवळ एकसर येथें शिलाहारकालीन वीरगळांवर वल्ह्यांच्या रांगा असलेल्या लढाऊ नावा आहेत. यांपैकीं एकासहि उलांडी नाहीं. हीं सर्व रुंद बांधणीचीं जहाजें आहेत व रुंद जहाजास उलांडीची गरज नसते. म्हणून या तिन्ही साक्षींवरून कोंकणच्या कोळ्यापाशीं त्या वेळीं उलांडी नव्हती असें ठरत नाहीं. पण एक गोष्ट ठरते: आमच्या शिल्पकारांस व चित्रकारांस जहाज म्हटलें कीं जें रूप सुचे, त्यांत उलांडी नव्हती.

आणि तेथेंच मुकर्जींची बाजू लंगडी पडते. बोरोबुदुरचा स्तूप इसवी सन ८०० च्या सुमाराचा. त्यावरील कांहीं जहाजांची उलांडी मोठी, अनेक लाकडांची, ठळक कोरलेली आहे. कारागिरानें ती हौसेनें दाखविली आहे. आमच्या दगडांत व रंगांत जी वस्तु एकदांहि नाहीं ती जाव्याच्या दगडांत इतक्या आवर्जून यावी, आणि तरी तें जहाज आमचें म्हणावें, याला पुराव्यापेक्षां ममतेचें बळ अधिक लागतें. मुकर्जींनीं ज्या काळीं लिहिलें त्या काळीं आमच्या लोकांस समुद्र माहीत नव्हता असें परके म्हणत, आणि त्यांस उत्तर देणें हें मोठें काम होतें. तें त्यांनीं नाणीं, ग्रंथ व प्रवासवृत्तें यांच्या बळावर केलें, त्याबद्दल त्यांचें ऋण आहेच. पण बोरोबुदुरचीं जहाजें त्या कामास जुंपण्याची गरज नव्हती. २००३-०४ मध्यें इंडोनेशियांत त्या शिल्पाबरहुकूम ‘समुद्र रक्षा’ नांवाचें जहाज तेथील कारागिरांनीं बांधलें, त्यास दोन्ही बाजूंस उलांड्या लावल्या, आणि तें जकार्ताहून निघून आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील घाना देशांत अक्रा बंदरास पोंचलें. शिल्पांत जहाजाची एकच बाजू दिसते, दुसरी बाजू कारागिरानें आपल्या परंपरेवरून पुरविली. आमच्या कोंकणी सुताराच्या हातीं तेंच शिल्प दिलें असतें तर त्यानें उलांडी एकाच बाजूस ठेवली असती. हा फरक लहान नाहीं.

हॉर्नेल यांची गोष्ट वेगळी. मद्रास इलाख्याच्या मत्स्यखात्यांत त्यांनीं वर्षानुवर्षें काम केलें. ते नावा पुस्तकांतून नव्हे, वाळूवर बसून शिकले. उलांडी कोठें आहे व कोठें नाहीं हें पाहण्याची त्यांची दृष्टि आजहि अनुकरणीय आहे. रत्नागिरीपासून कारवारपर्यंत उलांडी आहे. मलबारांतील कोरीव होड्या बहुधा तिच्याशिवाय चालतात. लंकेच्या ‘ओरुव’ होडीस ती आहे. चोलमंडलाच्या किनाऱ्यावर कट्टुमरम् आहे, उलांडी नाहीं. इतकी तुटक मांडणी आपोआप उगवलेल्या वस्तूची नसते. ती समुद्रमार्गानें येऊन कांहीं ठिकाणीं रुजलेल्या वस्तूची असते, हें म्हणणें आम्हांस पटतें. भाषाशास्त्र व पुरातत्त्व यांच्या गेल्या शंभर वर्षांतील कामानेंहि उलांडीचें घर आग्नेय आशियांतील बेटांतच ठरविलें आहे.

पण हॉर्नेल येथें थांबले नाहींत. दक्षिणेकडील परवर व शाणार या जातींत पॉलिनेशियन वंशाचा अंश आहे, असें त्यांनीं सुचविलें. नावेवरून रक्ताकडे गेले. हें अनुमान टिकत नाहीं आणि तें न टिकण्याचें कारण हिंदी महासागराच्याच पश्चिम कांठावर आहे. मादागास्करांत उलांडी आहे व तेथील भाषा बोर्निओच्या भाषांच्या कुळांतली आहे. तेथें नावेबरोबर माणसें आलीं, यांत वाद नाहीं. समोर झांजीबारकडे ‘न्गलावा’ नांवाच्या होडीस दोन्ही बाजूंस उलांड्या आहेत, पण ती चालविणारे स्वाहिली बोलतात, आणि ती भाषा आफ्रिकेची आहे. तेथें नाव आली, भाषा आली नाहीं. एकाच समुद्रांत, समोरासमोर, दोन्ही प्रकार घडलेले असतांना केवळ उलांडीवरून माणसांचें मूळ सांगतां येत नाहीं. कोंकणांतील गाबीत-खारवी मराठी-कोंकणी बोलतात. एक कोळी दुसऱ्याची होडी पाहतो, तीन दिवसांत तशी करून घेतो. यास विवाहसंबंध लागत नाहीं.

लंकेच्या नावांविषयीं प्लिनीचा एक उतारा हॉर्नेलच्या बाजूनें दिला जाण्यासारखा आहे. तेथील नावांस दोन्ही टोकांस नाळ असते असें त्यानें इसवी सन ७७ च्या सुमारास लिहिलें. ओरुव होडी खरोखरच दोन्ही दिशांनीं चालते, कारण उलांडी नेहमीं वाऱ्याच्या अंगास ठेवावयाची तर होडी वळवितां येत नाहीं, टोकांची अदलाबदल करावी लागते. जुळणी मोहक आहे. पण प्लिनी कारण देतो तें अरुंद वाटेंत वळतां येत नाहीं म्हणून. ओंडका त्यास दिसला नव्हता किंवा कोणी सांगितला नव्हता. त्याच्या वाक्यांत आपला ओंडका बांधणें म्हणजे पुन्हां तीच चूक.

राहिला ‘उलांडी’ हा शब्द. ‘उलंडणें’ म्हणजे कलंडणें. त्यावरून उलंडूं न देणारी ती उलांडी, अशी व्युत्पत्ति सुचते व ती मराठी कानास गोड लागते. ती खरी मानली तरी तिच्यावरून वस्तु देशी ठरत नाहीं. ‘आगगाडी’ हा शब्द अस्सल मराठी आहे. गाडी विलायतेहून आली. उलट ‘गुराब’ शब्द अरबी, पण आमच्या आरमारांतल्या गुराबा आमच्याच बंदरांत बांधल्या. नांव व वस्तु यांचे जन्मदाखले वेगळे काढावे लागतात.

कोंकणांत आतां कोरीव होडीची जागा बऱ्याच अंशीं फायबरच्या नावेनें घेतली आहे. जुनी लांकडी उलांडी जेथें अजून वापरांत आहे तेथें तिचीं मापें घेणें, म्हणजे होडीची रुंदी, ओंडक्याचें अंतर, आडव्या लाकडांची संख्या, बांधणीच्या गांठी, हें काम दहा निबंधांपेक्षां अधिक उपयोगी पडेल. आणि ज्यांच्या संग्रहांत बंदरांचे, जकातीचे किंवा देवस्थानांचे मोडी कागद आहेत त्यांनीं सूची करतांना नावेच्या नांवापेक्षां सामानाच्या खर्चाकडे लक्ष द्यावें. सुंभ किती, आडवीं लाकडें किती, पांगाऱ्याचा ओंडका घेतला कीं काय, हें जेथें सांपडेल तेथें उलांडी सांपडली. नांवांत ती सांपडणार नाहीं. तोंवर छापील सूचींत ‘सांगड’ शब्दापुढें कंसांत ‘उलांडी’ किंवा ‘पगार’ शब्दापुढें कंसांत ‘उलांडीची होडी’ असें जेथें आहे, तेथें तो कंस पुढच्या आवृत्तींत काढून टाकावा.